पोखर्णीच्या घटात समुद्राची माती

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार

परभणी जिल्ह्यातल्या काळ्या मातीत राबणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि मायमाउल्यांनो! तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. समुद्र आपण पाहिलेला नाही. त्याचा वारा आपल्याला लागलेला नाही, त्याची मासळी आपल्या ताटात आलेली नाही. आणि तरीही दर पावसाळ्यात आपल्या रानाचा वरचा, सकस थर तो घेऊन जातो. कुणाला विचारून?

सुरुवात अशी करायची. आज खोलीत उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिली. ‘कुणाला विचारून’ला आवाज चढवला, तेव्हा घरमालकीण कस्तुराबाई दारात येऊन उभ्या.

“सर, कोण आलंय? भांडण चाललंय का?”

“कुणी नाही. व्याख्यानाची तयारी करतोय.”

“मला वाटलं वहिनी आल्या.”

माझी बायको मनकर्णा मानवतला भावाकडे आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने मी पाच वर्षांपूर्वी जिल्हाभर बोललो. लोकांची घरं जळत असताना गप्प बसणं मला जमलं नाही आणि आजही जमणार नाही. तेव्हापासून भावकीने लग्नाच्या पत्रिका पाठवणं बंद केलं, गणपतीची आमंत्रणं थांबली. मनकर्णा काही दिवस टिकली. मग ‘चार दिवस जाऊन येते’ म्हणून गेली. परत यायचा रस्ता तिला माहीत आहे.

आज पोखर्णीच्या गणेश मंडळाचे दत्तराव कॉलेजात आले. शनिवारी व्याख्यानाला या म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, “फकस्त ते नामांतराचं काढू नका सर. मातीवर बोला. भूगोलच शिकवता न्हवं?”

मी हो म्हटलं. पाच वर्षांतलं पहिलं आमंत्रण. नामांतराचं काढणार नाही असा शब्दही दिला, हे इथे लिहून ठेवतो.

१३ सप्टेंबर

सूर्यभान आला! काळवंडलाय, वाळलाय, पण आला. पोखर्णीच्या चतुराबाईंचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला, आई दर साल ऊसतोडीला जाते. हा माझ्याकडे राहून मॅट्रिक झाला, वेल्डिंग शिकला आणि दोन वर्षांपूर्वी गोदावरीच्या मुखापलीकडे तेल शोधणाऱ्या जहाजावर लागला. जाहिरात मीच दाखवली होती. अर्जही मीच लिहिला होता. आमच्या घरात त्याच्याइतका माझा कुणी नाही.

पिशवीतून डालड्याचा डबा काढून त्याने माझ्यासमोर उघडला. “सर, वळखा बरं, ही कुठली माती?”

काळी, चिकट, बोटाला धरून बसणारी. मी म्हटलं, “तुझ्या रानातली. एवढं न ओळखायला मी काय शहरातला आहे?”

तो लहान पोरासारखा हसला. “दर्यातली हाय! नांगर वर आला तवा त्याला चिटकून आली. मी मुद्दाम ठिवली, तुमच्यासाठी.”

मी डबा हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. तीस वर्षं पोरांना फळ्यावर काढून दाखवत आलो. नाशिककडे जिथे गोदावरी उगम पावते तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेला जाते. कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी खंड फाटला तेव्हा त्याची पश्चिमेची कड उचलली गेली, सह्याद्री उभा राहिला आणि सगळं पठार पूर्वेला कललं. ते कललं म्हणून आपली माती पूर्वेच्या समुद्रात जाते. मी हे पुस्तकात वाचून सांगत होतो. आज ते टेबलावर होतं.

अर्धी माती त्याने माझ्या बरणीत काढून दिली, अर्धी आईला दाखवायला ठेवली.

१४ सप्टेंबर

सूर्यभान आजही इथेच जेवला. कस्तुराबाईंनी त्याच्यासाठी धपाटे केले. मी त्याला दम घेऊ दिला नाही. भोक किती खोल पाडतात, वर काय निघतं, थर आडवे की तिरपे?

तो म्हणाला, “वर गाळ हाय, मऊ. खाली खाली जाल तसा तोच गाळ दगडावानी होतो. आन् एका जागी तळ असा वर आलाय, जसं गादीखाली कुणी गुडघा वर केलाय. तिथले थर पार उचललेत. भूगर्भवाले साहेब ते बघून लय खूश झाले.”

हेच तर! किनाऱ्यापासून काही मैल समुद्र उथळ असतो, मग जमीन एकदम खोल उतरते. ती खंडाची खरी कड. नदीचा गाळ त्या कडेवर थरावर थर बसतो. ओझं वाढलं की जमीन खचते, खालची ओली चिकणमाती दाबली जाते, तिला बाजूला सरकायला जागा हवी असते, आणि ती जरा दूर जाऊन तळाला वर उचलते. आपल्याकडचं एकेक ढेकूळ तिथे समुद्राचा तळ उचलायला लागतं. मी उठून फेऱ्या मारायला लागलो.

तो म्हणाला, “सर, तिथं जेवताना कुणी बोलत न्हाई.”

मी विचारलं, उचललेल्या थरांवर पुन्हा नवे थर बसलेत का? की ते उघडे आहेत?

“बसलेत. वरचे आडवेच हायत.” मग तो ताटाकडे बघत बसला. “तुमच्या कालेजात शिपायाची जागा निघणार हुती म्हणे?”

मी हसलो. ज्याच्या पायाखाली खंडाची कड आहे त्याला शिपायाची जागा! त्याला थट्टा करायची सवय लहानपणापासून आहे.

सुट्टी दसऱ्यानंतरही काही दिवस आहे. २७ ऑक्टोबरला काकीनाड्यात हजर व्हायचं. या खेपेला गेला की नोकरी पक्की करणार आहेत. नाही गेला तर जागा दुसऱ्याला. “मग तर काय, जिंकलास!” मी म्हटलं. तो “हो” म्हणाला.

१७ सप्टेंबर, शनिवार

पोखर्णीहून आताच आलो. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

नरसिंहाच्या देवळाजवळ मांडव होता, गर्दी चांगली होती. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं मांडवाच्या बाहेर, उजेड संपतो तिथे उभी होती. मी सुरुवात ठरल्याप्रमाणे केली. ‘कुणाला विचारून’ला टाळ्या पडल्या. पाच वर्षं हा आवाज ऐकला नव्हता. 

मग गोदावरी सांगितली, सह्याद्रीची उचललेली कड सांगितली, समुद्राच्या तळाशी बसणारा गाळ सांगितला. दत्तरावांना दिलेला शब्द आठवत होता. पण उजेडाबाहेरची माणसंही दिसत होती. मी म्हणालो, “त्या तळाशी जाऊन कुणीही मला वेगळं काढून दाखवावं, की हे ढेकूळ पाटलाच्या रानातलं आणि हे गावाबाहेरच्या वस्तीतलं. नाही काढता येणार! तिथे सगळी एका थरात बसली आहेत. एकमेकांच्या ओझ्याने दगड होत आहेत. जे नदीला कळलं ते तुम्हाला-मला कधी कळणार?”

दत्तराव खाकरले. मागून कुणीतरी म्हणालं, “आलं बगा. म्हणलं अजून कसं आलं न्हाई.” हशा झाला.

मी तेवढ्यात सूर्यभानकडचा डबा उंच धरला. “ही ती माती. तुमच्या गावच्या सूर्यभानने समुद्राच्या तळातून आणलेली!” गलका झाला. माणसं पुढे सरकली. चतुराबाई बायकांमधून वाट काढत आल्या. मातीला बोट लावून त्यांनी ते कपाळाला लावलं.

“सर, ही आपलीच हाय?”

“तुमचीच, चतुराबाई. गोदामाईने नेली आणि तुमच्या लेकाने परत आणली!”

असल्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्यानंतर चहाला मात्र कुणी बोलावलं नाही. सूर्यभानच फाट्यापर्यंत आला. म्हणाला, “सर, लय भारी बोललात. आई रडली.”

१८ सप्टेंबर

सकाळी डोकं थंड झाल्यावर दोन गोष्टी टोचतात. गोदावरीला वाटेत प्राणहिता मिळते, इंद्रावती मिळते, त्यांचा गाळ आपल्यापेक्षा कमी नाही. त्या डब्यात पोखर्णीचा एक कणही नसेल. आणि ती माती खारी आहे, हे मी बोललोच नाही.

पण व्याख्यान म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. माणसं उभी करायची तर शब्द सरळ जावा लागतो. इंद्रावती आणली असती तर चतुराबाई पुढे आल्या असत्या का?

२६ सप्टेंबर

काही नाही. बाहेरून कुणी बोलवायला आलं नाही. कॉलेजात दत्तरावांचा भाचा आहे, त्याने सांगितलं की पुढच्या वर्षी मंडळ भजन ठेवणार आहे.

मानवतची एसटी रोज माझ्या खिडकीसमोरून जाते.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज घटस्थापना. कस्तुराबाईंनी टोपलीत रानातली माती घातली, गहू-जवारी पेरली, मधे घट मांडला. दसऱ्यापर्यंत हिरवी पालवी किती दाट येते त्यावरून सालाचा अंदाज बांधणार. मी म्हटलं, “पाणी आणि ऊब मिळाली की बी उगवणारच. त्यात देवाचं काय?”

“मग तुमच्या खोलीत का काही उगवत न्हाई?” त्या म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्यावर हसत बसल्या.

११ ऑक्टोबर

सूर्यभान दुपारी आला. दारातच उभा राहून म्हणाला, “सर, आईचा घट उगवला न्हाई.”

“मग?”

“तिनं त्यात ती माती घातली. दर्यातली.”

चतुराबाईंनी रानातली माती टाकून दिली आणि त्या डब्यातली सगळी माती घटाला वापरली. परत आलेली माती म्हणून. लेकाने आणलेली म्हणून. गावातल्या बायका घट बघायला येत होत्या. आज कस्तुराबाईंच्या टोपलीत बोटभर हिरवं आहे, तिकडे बी जसं पेरलं तसंच काळं पडलंय.

“आई म्हणायलीय, देवानं सांगितलं. दर्याची माती घरात आली, आता दर्या पोराला मागायलाय. म्हणती, जायचं न्हाई.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? घटाच्या म्होरं कुणी बोलतं का?”

एवढ्या मोठ्या संकटात पोरगा किती शांत होता! समुद्राने त्याला धीर शिकवला आहे. मी त्याला म्हणालो, फिकीर करू नको, मी आहे.

१२ ऑक्टोबर

पोखर्णीला जाऊन आलो. हरलो.

चतुराबाई घटापुढे बसल्या होत्या. नऊ दिवस उपास, त्यात आता पाणीही एकदाच. रोज अनवाणी नरसिंहाला जाऊन येतात. मी त्यांच्यासमोर बसून सगळं समजावलं. समुद्राचं पाणी खारं, ते मातीत मुरलेलं, मिठात बी कुजतं, यात अपशकुन काही नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, तुमीच म्हणले, आपलीच हाय.”

“तसं बोलण्याच्या ओघात...”

“माईकमधून म्हणले. समद्या गावानं ऐकलं.”

मी आवाज चढवला. अडाणीपणा, भीती, पोराचं भविष्य, सगळं काढलं. शेजारच्या बायका दारात जमल्या. एक म्हणाली, “सरांचं गणपतीतलं भाषण राहिलं हुतं वाटतं.” चतुराबाई माझ्या अंगावर आल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, “माझ्याच हातानं पेरलं ना मी. मीच घातली ती माती घटात. पोराच्या वाटंत मीच काटा टाकला. तुमचा काही कसूर न्हाई.”

ही गोष्ट मला बसमध्ये सारखी आठवत राहिली. त्या मला दोष देत नव्हत्या. दिला असता तर मी उत्तर दिलं असतं.

सूर्यभान अंगणात बसून दोरी वळत होता. निघताना मला म्हणाला, “जाऊ द्या सर. उगी जिवाला लावून घेऊ नका.”

नाही! जाऊ देणार नाही. बरणीतली अर्धी माती माझ्याकडे आहे. शब्दांनी जे झालं नाही ते हिरव्या कोंबाने करून दाखवीन.

१४ ऑक्टोबर

मीठ पाण्यात विरघळतं, म्हणजे धुता येतं. बादलीत माती घ्यायची, पाणी घालून ढवळायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. पुन्हा नवं पाणी.

आणि आज एक गोष्ट दिसली, जी पुस्तकात वाचूनही मला कधी दिसली नव्हती. पहिल्या धुण्याला माती झटकन खाली बसली. वरचं पाणी नितळ. जसजसं मीठ कमी होत गेलं तसतशी ती बसेना. आता सकाळपासून पाणी काळंच्या काळं आहे. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाला जातात. गोड्या पाण्यात प्रत्येक कण सुटा, एकटा, तरंगत राहतो. नदी शेकडो कोस माती वाहून नेते आणि समुद्र लागला रे लागला की सोडून देते, त्याचं हेही एक कारण. सबंध खंडाची कड या एवढ्याशा गोष्टीवर बांधली गेली आहे!

कुणाला तरी सांगायला हवं होतं. कॉलेजला सुट्टी. शेवटी कस्तुराबाईंना बोलावून बादली दाखवली.

त्यांनी वाकून पाहिलं. “म्हणजे खाऱ्यात गेली की माती एकमेकीला धरती?”

“हो!”

“आन् गोड्यात एकटीच फिरती?”

“हो!”

“मग दर्याच बरा म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “सर, जेवलात का?”

१६ ऑक्टोबर, दसरा

धुतलेली माती फडक्यावर सुकवून मडक्यात भरली आणि गहू पेरला. सोनं घेऊन कस्तुराबाई तेवढ्या आल्या. आपट्याची पानं हातात ठेवून म्हणाल्या, “मानवतला जाऊन या की एकदा. वहिनींना सोनं देऊन या. तुमच्या तोंडानं चला म्हणा.”

मी म्हटलं, ती समजूतदार आहे. तिला सगळं न बोलता कळतं.

कस्तुराबाई दोन पानं मात्र खिडकीत ठेवून गेल्या.

२० ऑक्टोबर

उगवलं! उगवलं! समुद्राच्या मातीत गहू! कोंब पांढुरके आहेत, टोकाला हिरवे. दाट नाहीत, पण आहेत. कोटी वर्षांचा गाळ माझ्या खिडकीत हिरवा झाला.

उद्या मडकं घेऊन पोखर्णीला.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

मडकं परत आणलं आहे. खिडकीत आहे. पोखर्णीत गेलोच नाही.

फाट्यावर बसमधून उतरलो तर सूर्यभान समोर. मी येणार हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. कदाचित तो रोज तिथे येऊन बसत असेल. मी मडकं त्याच्यापुढे धरलं. त्याने कोंबांवरून हात फिरवला.

“उगवलं व्हय,” म्हणाला. मग म्हणाला, “सर, हे आईला दाखवू नका.”

“का?”

“दाखवलं तर ती मला पाठवील.”

मला कळेना. मी म्हटलं, तेच तर करायचंय!

त्याने इकडेतिकडे बघितलं. “मला जायचं न्हाई सर. पहिल्यापासून जायचं नव्हतं. तिथं मला ‘ए वेल्डर’ म्हणतेत. दोन सालात सूर्यभान म्हणून कुणी हाक मारल्याचं याद न्हाई. चहूकडं पाणी. कामाचं काही न्हाई, काम करतो मी. पर संध्याकाळी असं वाटतं, आपण कुणाला दिसतच न्हाई. घट उगवला न्हाई तवा... खोटं कशाला बोलू, माझं काळीज हलकं झालं.”

“मग करणार काय?”

“आईसंग कोयता धरीन. उसाच्या फडात आई असती. शिव्या देती, पर नावानं देती.”

मी बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. खंडाच्या कडेवरून बोललो, दोनशे वर्षांच्या गुलामीवरून बोललो, त्याच्या बापावरून बोललो. कोयता म्हणजे काय, हे त्याच्या आईच्या हाताकडे बघून कळत नाही का, असंही बोललो. फाट्यावरची माणसं जमली. कुणी कुणी माना डोलावत होतं. मी रंगात आलो होतो, हे मला आता कळतंय.

तो मान खाली घालून उभा होता. बस आली तेव्हा माझ्या पाया पडला. “सर, बस आली.”

२२ ऑक्टोबर

सगळा दिवस राग. मी त्याच्या जागी असतो तर! तीस वर्षं मी नकाशावर जिथे बोट ठेवतो तिथे तो खरोखर उभा होता, आणि तिथून त्याला काय दिसलं? जेवताना कुणी बोलत नाही, एवढंच.

संध्याकाळी हे वाक्य मागच्या पानावर सापडलं. त्याने ते मला १४ सप्टेंबरलाच सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं. खाली लगेच थरांचा प्रश्न लिहिला आहे.

२३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी चतुराबाई आल्या. पोखर्णीहून एकट्या, अनवाणी. त्यांना मी कधी परभणीत पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून बसल्या, कस्तुराबाईंनी पाणी दिलं.

“सर, जहाजवाल्यांना कळवा,” त्या म्हणाल्या. “म्हणा, पोराचा कसूर न्हाई, आईचा हाय. मला लय भ्या वाटतंय त्याला पाठवायला. पर जागा तरी दुसऱ्याला देऊ नका म्हणा. घरात तो बोलत न्हाई, हसत न्हाई. माझ्यापायी त्याचं सोनं व्हायचं राहिलं, म्हणून मनात जळायलाय पोरगं.”

मी काय बोलणार होतो? आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं सत्य होतं जे माझं नव्हतं. दुसऱ्याने विश्वासाने हातात दिलेलं.

त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. “हे कशात उगवलंय?”

मी “असंच” म्हणालो. पण कस्तुराबाई दारातच होत्या. “त्याच मातीत की! दर्यातल्या. सर दोन दिस धूत बसले हुते, मोरी काळी करून ठिवली माझी.”

चतुराबाई उठल्या. मडक्याजवळ जाऊन त्यांनी कोंब मोजल्यासारखे एकेक करून चाचपले. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की त्या रडत आहेत. “म्हणजे नुसतं मीठच हुतं,” म्हणाल्या. “म्हणजे मी काही केलं न्हाई.”

“नाही, चतुराबाई. तुम्ही काही केलं नाही.”

“मग जाऊ दे त्याला. तिकडं जायला मंगळवारची काचीगुड्याची गाडी हाय न्हवं? आज जाऊन धपाटे बांधते, ट्रंक भरते. माझं भ्या माझ्यापाशी. त्याच्या आड मी येणार न्हाई सर, मरंन पर येणार न्हाई.” डोळे पुसून हसल्या. “तुमी आमाला लय केलं.”

मडकं पदराखाली धरून त्या गेल्या. मी थांबवलं नाही. आता ती माउली सगळ्या वाटेने ते हिरवं हातात घेऊन जाणार, आणि दारात सूर्यभान उभा असणार.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर ते माझं भाषण झालं असतं. पुन्हा एकदा मी त्याच्या जागी उभा राहून बोललो असतो. मला अजूनही वाटतं की त्याने जावं. हे लपवत नाही. पण तो गेला तर आईसाठी जाईल, आणि आई पाठवील ती त्याच्यासाठी. दोघंही एकमेकांचं मन राखायला एकमेकांपासून लांब जातील आणि कुणाला काही कळणार नाही.

उद्या पहिल्या बसने पोखर्णीला जातो. बोलायला नाही. सूर्यभान आईशी बोलेल तेव्हा शेजारी बसायला. त्याला फाट्यावर गाठून जेवढं बोलायचं तेवढं इथे लिहून घेतो, नाहीतर तिथे माझी जीभ वाहत जाईल.

सूर्यभान, तुझी आई तुझी ट्रंक भरायला बसली आहे. तिला वाटतंय, तुझ्या मनात जाण्याची आग आहे. जहाजावर जा, फडात जा, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण कुठेही जाण्याआधी घरात जा. तिच्या हातातली घडी घातलेली कापडं काढून बाजूला ठेव, तिच्यासमोर बस आणि मला फाट्यावर जे सांगितलंस ते तिला सांग. तुझ्या तोंडाने सांग. आत्ता, चूल पेटायच्या आत सांग.